गाडी ‘चालली’ की ‘पडली’, हे ठरवायचं कुणाच्या आकड्यावर?

पत्र, थोडक्यात : सोलापुरातल्या एका ताईंचा शाळेचे गणवेश शिवून पुरवण्याचा व्यवसाय आहे. जुनी डिझेल गाडी देऊन त्यांना नवी घ्यायची आहे. बजेट ऑन-रोड १३ लाख, आणि गाडी किमान आठ वर्षं ठेवायची आहे. महिन्यातून दोनदा पुणे, कधी हैदराबाद, बाकी वापर शहरात आणि तुळजापूर-अक्कलकोटला. आठ महिन्यांपूर्वी बाजारात आलेलं एक मॉडेल घरात सगळ्यांनाच आवडलं आहे. शोरूमवाले सांगतात, ‘‘४० हजार बुकिंग झालंय.’’ भाच्यानं मोबाइलवर महिन्यावार विक्री पाठवली : ६,२००, ५,४००, ४,१००, ३,३००, २,९००, २,६००, २,३००, २,१००. खाली ठळक अक्षरांत ‘फ्लॉप’. दीर म्हणतात, रस्त्यावर दिसते तीच गाडी घ्यावी, नाहीतर विकताना कुणी विचारत नाही. शोरूम ४५ हजारांची सूट आणि आठवड्यात डिलिव्हरी द्यायला तयार आहे. ताई विचारतात : ‘‘खपणारी गाडी असती तर सूट कशाला दिली असती? ही गाडी यशस्वी आहे की नाही, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं? वर्षभर थांबू का?’’

ताई,

मॉडेलचं नाव इथे छापत नाही. नाव काढलं तरी तुमचा प्रश्न तसाच उरतो, आणि तो आज बऱ्याच घरांत चालू आहे. तुमच्यापुढे दोन आकडे आले, दोन्ही खरे असू शकतात, आणि तरी ते एकमेकांशी भांडतात. याचं कारण ते एकाच गोष्टीचे आकडे नाहीत.

बुकिंग म्हणजे कुणीतरी टोकन भरलं. ते सहसा काही हजारांचं असतं आणि बहुतेक वेळा परत मिळतं. ‘विक्री’ म्हणून बातम्यांत छापून येतो तो मॉडेलवार आकडा बहुधा डिस्पॅचचा असतो. म्हणजे कारखान्यातून शोरूमकडे किती गाड्या रवाना झाल्या. वाहन उत्पादकांची संघटना सियाम दर महिन्याला जे आकडे देते तेही याच जातीचे. गाडी गिऱ्हाइकाच्या दारात लागली की नाही, हे कळतं पासिंगवरून, म्हणजे आरटीओतल्या नोंदणीवरून. विक्रेत्यांची संघटना फाडा महिन्याचा आढावा काढते तो या नोंदणीवर. निर्यात हा चौथा आकडा आणि तो पूर्ण वेगळा.

तुमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. एप्रिल-मेमध्ये दुकानांकडे गणवेशांचे गठ्ठे रवाना झाले की तुमच्या वहीत विक्री लागते, पण जूनमध्ये शाळा उघडल्यावर दुकानातून किती कपडा गेला आणि जुलैत किती परत आला, यावर पुढच्या वर्षीची ऑर्डर ठरते. गाडीची कंपनी पहिल्या वहीतला आकडा दाखवते. तुम्हाला हवा आहे दुसरा.

आता भाच्यानं पाठवलेली ओळ नीट वाचू. आठ महिन्यांची बेरीज २८,९०० होते. बुकिंग ४० हजार खरं धरलं तर ११,१०० गिऱ्हाइकं अजून रांगेत असायला हवीत. ती असती तर तुम्हाला गाडी आठवड्यात मिळाली नसती. म्हणजे एक तर बुकिंग रद्द झाली, नाहीतर रांग आहे ती दुसऱ्याच एखाद्या व्हेरिएंटची. शोरूममध्ये एवढंच विचारा : ‘‘कोणत्या व्हेरिएंटला आज वेटिंग आहे, आणि किती आठवड्यांचं?’’ या एका उत्तरात ४० हजारांचा खरेपणा कळेल.

बुकिंगचे आकडे खोटेच असतात, असं मात्र समजू नका. महिंद्रानं ३० जुलै २०२२ रोजी स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग उघडलं तेव्हा अर्ध्या तासात एक लाखाचा टप्पा ओलांडला. टोकन होतं २१,००० रुपयांचं, परत मिळणारं. ती गाडी पुढेही चालत राहिली. उलट टाटा नॅनोला २००९ मध्ये दोन लाखांहून जास्त बुकिंग आलं होतं. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाखांची होती आणि सगळ्यात चांगल्या वर्षी, २०११-१२ मध्ये, खपल्या सुमारे ७४,५०० गाड्या. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. वर्षाला ७४ हजार हा काही लहान आकडा नाही. दुसऱ्या एखाद्या कंपनीनं त्यावर पेढे वाटले असते. नॅनो पडली ती अडीच लाखांच्या तयारीपुढे. म्हणून यश मोजताना कंपनीनं तयारी किती गाड्यांची केली होती, हे आधी बघावं. गाडी बाजारात आणताना कंपन्या बरेचदा महिन्याचं उद्दिष्ट किंवा क्षमता जाहीर करतात. तेव्हाच्या बातम्या काढून तो आकडा शोधा.

भाच्याच्या ओळीत तुम्हाला ६,२०० वरून २,१०० वर झालेली घसरण दिसते. मला त्यातल्या पायऱ्या दिसतात. महिन्यामहिन्याची घट अशी आहे : ८००, १,३००, ८००, ४००, ३००, ३००, २००. उतार सपाट होत चालला आहे. कोसळणाऱ्या गाडीची घट शेवटच्या महिन्यांत वाढत जाते, इथे ती आटत आली आहे. शिवाय पहिल्या दोन-तीन महिन्यांचे आकडे नेहमीच फुगलेले असतात, कारण शोरूम भरायची असतात. देशभरात ४०० शोरूम असतील आणि प्रत्येकात एक डेमो, एक काचेआड आणि तीन-चार यार्डात अशा गाड्या गेल्या, तर गिऱ्हाइक दारात यायच्या आधीच दोन हजारांवर ‘विक्री’ होते. माझ्या वाचनात ही गाडी महिन्याला दोन हजारांच्या आसपास स्थिरावते आहे. सुपरहिट नक्कीच नाही. पण ‘फ्लॉप’ लिहिणाऱ्यानं पहिला आणि शेवटचा आकडा एवढेच बघितले आहेत.

एका महिन्याच्या आकड्यावरून तर काहीच ठरवू नका. आपल्याकडे पितृपक्षात गाडी घेत नाहीत, आणि पाडवा, दसरा, धनत्रयोदशीला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. सणही हलतात. दसरा २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. त्यामुळे ‘गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा’ अशी तुलना फसवी ठरते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर पितृपक्ष संपला २१ तारखेला आणि २२ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाड्यांवर १८ टक्के, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. दर उतरणार हे माहीत असल्यानं लोक थांबून राहिले, मग एकदम तुटून पडले. त्या दोन-तीन महिन्यांत कोणत्याही गाडीचा आलेख वेडावाकडाच दिसणार. तीन महिन्यांची सरासरी काढा आणि तिची तुलना आधीच्या तीन महिन्यांशी करा. तुमच्या गाडीची शेवटची सरासरी २,३३३ आहे, त्याआधीची ३,४३३. त्याच काळात त्याच किमतीच्या इतर गाड्याही तेवढ्याच उतरल्या असतील, तर दोष त्या गाडीचा नाही, बाजाराचा आहे.

पासिंगचा आकडा तुम्ही घरबसल्या बघू शकता. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलचा डॅशबोर्ड सगळ्यांसाठी खुला आहे. राज्य महाराष्ट्र निवडा, आरटीओमध्ये सोलापूर एमएच-१३ निवडा, उभ्या बाजूला मेकर आणि आडव्या बाजूला महिना घ्या, वाहनाच्या प्रकारात मोटार कार ठेवा. अकलूजचं कार्यालय एमएच-४५ आहे, तेही वेगळं बघा, कारण माळशिरसकडच्या गाड्यांची पासिंग तिकडे होते. इथे आकडे कंपनीवार मिळतात, मॉडेलवार नाही. तरीही उपयोग आहे. नवं मॉडेल येण्याआधीच्या सहा महिन्यांत त्या कंपनीच्या किती गाड्या एमएच-१३ ला पास झाल्या आणि नंतरच्या सहा महिन्यांत किती, हे ताडून बघा. बेरीज वाढली असेल तर नव्या गाडीनं नवं गिऱ्हाइक आणलं. बेरीज तेवढीच राहिली असेल तर तिनं घरातल्याच थोरल्या भावाचं, म्हणजे त्याच कंपनीच्या जुन्या मॉडेलचं, गिऱ्हाइक खाल्लं असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी दोघांपैकी एकाला कंपनी कधी ना कधी आवरतं घेते, आणि ती कोण असेल हे तुम्हाला आधी कळायला हवं. (देशाची बेरीज बघताना एक लक्षात ठेवा : तेलंगणाचे आकडे या पोर्टलवर अनेक वर्षं नव्हते. जुन्या वर्षांशी तुलना करताना हैदराबादच्या गाड्या त्यात धरलेल्या नसतात.)

सुटीबद्दल तुमच्या मनात जी शंका आहे, तिच्यात थोडं तथ्य आहे. शोरूम यार्डातल्या गाड्या बँकेच्या पैशांवर उचलते आणि रोज व्याज भरते. १२ लाखांची गाडी ९ टक्के व्याजानं ६० दिवस पडून राहिली तर पावणेअठरा हजार रुपये निव्वळ व्याजात गेले. २०२४ च्या सणांच्या तोंडावर देशभरातल्या शोरूममधला साठा ८० दिवसांच्या पुढे गेल्याचं फाडानं सांगितलं होतं. तेव्हा चांगल्या चालणाऱ्या गाड्यांवरही सूट होती. त्यामुळे सूट आहे म्हणून गाडी पडली, असं होत नाही. १३ लाखांवर ४५ हजार म्हणजे साडेतीन टक्के, हे नेहमीचंच आहे. काळजी करायची ती दोन खुणा दिसल्या तर : ताज्या बनावटीच्या गाडीवरही लाख-सव्वा लाखाची सूट, आणि ती दर महिन्याला चढत जाणं. सूट तोडून विचारा. रोख सूट किती, एक्स्चेंज बोनस किती, कंपनीची किती, शोरूमची किती. एक्स्चेंज बोनस दाखवून तुमच्या जुन्या डिझेल गाडीची किंमत तेवढीच खाली ओढली जाते, म्हणून जुन्या गाडीचा भाव बाहेर दोन ठिकाणी आधी काढून ठेवा.

गाडी कधी बनली तेही बघा. फॉर्म २१ वर, म्हणजे शोरूम देते त्या विक्रीच्या दाखल्यावर, आणि पुढे आरसीवर निर्मितीचा महिना आणि वर्ष येतं. पैसे भरायच्या आधी चासी नंबर घ्या आणि त्यावरून महिना लेखी मागा. दोन महिन्यांच्या आतली असेल तर ठीक. चार-पाच महिने उन्हात उभी असेल तर बॅटरी, टायर आणि वायपरचं रबर यांची तपासणी करून घ्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, यार्डात सावली नसते. आणि मागच्या वर्षात बनलेली गाडी यंदा घेतली, तर विकताना ती एक वर्षानं म्हातारी धरली जाते, मग ४५ हजारांत भागत नाही.

आता दिरांच्या मुद्द्याकडे येते, कारण घरात त्यांचंच म्हणणं जड पडत असणार. तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्यासाठी ते बरोबर आहेत. तुम्ही आठ वर्षं ठेवणार आहात. समजा, आठ वर्षांनी खपणाऱ्या गाडीचे चार लाख आले आणि या गाडीचे तीन. फरक एक लाखाचा, म्हणजे वर्षाला साडेबारा हजार, महिन्याला हजारच्या थोडं वर. त्यातले ४५ हजार तुम्हाला आजच मिळत आहेत. उरलेल्या ५५ हजारांसाठी आवडलेली गाडी सोडायची का, हे घरात बसून ठरवा. दोन-तीन सेकंडहँडवाल्यांना, एक सोलापुरातला आणि एक पुण्यातला, फोन करून विचारा : याच कंपनीच्या तीन-चार वर्षं जुन्या, कमी खपलेल्या मॉडेलला काय देता? विम्याच्या आयडीव्हीवरून, म्हणजे विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते तिच्यावरून, मात्र अंदाज बांधू नका. पहिल्या पाच वर्षांत ती ठरलेल्या टक्केवारीनं उतरते, पहिलं वर्ष संपताना १५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला ३०, आणि ही टक्केवारी हिट गाडीला वेगळी नसते.

तुमची खरी भीती मात्र विक्रीच्या किमतीची नसावी, असं पत्र वाचून वाटलं. मॉडेल बंद झालं, कंपनी गेली, पार्ट मिळेना झाले तर काय, ही ती भीती आहे, आणि ती रास्त आहे. जनरल मोटर्सनं २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. फोर्डची इकोस्पोर्ट ही काही पडलेली गाडी नव्हती, ती परदेशातही जात होती. म्हणजे मॉडेल चाललं तरी कंपनी जाऊ शकते. आणि उलटही घडतं. मारुतीची व्हर्सा २००१ मध्ये आली आणि चालली नाही. तीच मांडणी साधी करून, स्वस्त करून २०१० मध्ये ईको म्हणून आणली, आणि ईको आजही महिन्याला दहा हजारांच्या आसपास जाते. मारुतीच्याच जिम्नीला इथे बेताचं गिऱ्हाइक मिळालं, पण गुरुग्रामला बनलेली तीच पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये गेली तेव्हा चार-पाच दिवसांत ५० हजार ऑर्डर आल्या आणि सुझुकीला बुकिंग थांबवावं लागलं. निर्यात अशी जोरात असेल तर देशात कमी खपूनही गाडीचं उत्पादन चालू राहतं, आणि पार्टही बनत राहतात.

म्हणून मॉडेलच्या खपापेक्षा या गाडीच्या पोटात काय आहे ते विचारा. इंजिन आणि गिअरबॉक्स कंपनीच्या दुसऱ्या कोणत्या गाडीत आहे? हीच मांडणी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, दुसऱ्या ब्रँडखालीही विकली जाते का? मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा, त्यांच्याच फ्रॉन्क्स आणि टायसर, स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगुन या अशा जोड्या आहेत. त्यांतली एखादी कमी खपली तरी ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, सस्पेन्शनचे आर्म यांची अडचण येत नाही. अडतं ते त्या मॉडेलपुरत्याच बनलेल्या भागांवर : पुढची काच, हेडलाइट, बंपर, मागच्या दाराची काच, डॅशबोर्डवरचा स्क्रीन. पुणे रस्त्यावर खडी उडून काच गेली आणि ती महिनाभर आली नाही, तर धंद्याचे दिवस वाया जातात.

याची परीक्षा सोपी आहे. शोरूममध्ये नको, सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जा. कागदावर सहा नावं लिहून न्या : पुढची काच, हेडलाइट, पुढचा बंपर, एसीचा कंडेन्सर, पुढचा लोअर आर्म, क्लच सेट किंवा ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहून घ्या. आत्ता साठ्यात आहे का, नसेल तर पुण्याहून किती दिवसांत येतो, किंमत किती. सहापैकी चार पार्ट तीन दिवसांत मिळत असतील तर निर्धास्त राहा. काच किंवा हेडलाइटला ‘‘सांगता येत नाही’’ असं उत्तर आलं, तर आठ महिन्यांनंतरही कंपनीनं पार्टचा पुरवठा बसवलेला नाही. तिथे मी थांबेन. नंतर गावातल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा आणि त्याच्याकडे ही गाडी आली होती का, किती दिवस उभी राहिली, ते विचारा. सेंटरवर मॅनेजरला हेही विचारा की या मॉडेलच्या किती गाड्या पहिल्या फ्री सर्व्हिसला येऊन गेल्या. सोलापुरात प्रत्यक्ष फिरणाऱ्या गाड्यांचा त्याहून जवळचा आकडा तुम्हाला कुठे मिळणार नाही.

डीलरचीही चौकशी करा. गेल्या पाच वर्षांत या कंपनीची सोलापूरची डीलरशिप किती हातांतून गेली? बार्शी, पंढरपूर, धाराशिवला सर्व्हिसची सोय आहे का? एका शहरात डीलर वारंवार बदलत असेल तर त्या कंपनीचा इथला धंदा बसत नाही, मग देशाचा आकडा काहीही असो.

वर्षभर थांबण्याचा फायदा एवढाच की पहिल्या वर्षातले दोष, सॉफ्टवेअरच्या कुरबुरी, असलं तर रिकॉल, हे सगळं बाहेर आलेलं असतं. आठ महिन्यांत त्यातलं बरंच आलेलं आहे. त्यासाठी वर्ष घालवायची गरज नाही. तोवर जुन्या डिझेल गाडीचा भाव उतरेल आणि कंपन्या जानेवारी-एप्रिलला किमती चढवतात, ते वेगळंच.

माझं मत असं : पार्टची परीक्षा पास झाली, इंजिन कंपनीच्या दुसऱ्या चालत्या गाडीत असलं आणि बनावट दोन महिन्यांच्या आतली निघाली, तर घ्या. सूट ६० हजारांपर्यंत मागा, मिळेल. कमी खपणाऱ्या मॉडेलमध्ये सगळ्यात वरचं व्हेरिएंट आणि वेगळा रंग घेऊ नका. विकताना गिऱ्हाइक आधीच थोडं, त्यात त्या रंगाचं आणखी थोडं. शोरूममध्ये कोणतं व्हेरिएंट सर्वाधिक जातं ते विचारून तेच घ्या, पांढरा किंवा राखाडी. यांतली एक जरी अट बसली नाही, तर दुसऱ्या पसंतीच्या गाडीला हीच सहा नावांची यादी लावा.

आणि टोकन देताना पावतीवर चासी नंबर, निर्मितीचा महिना, सुटीची फोड, डिलिव्हरीची तारीख आणि रद्द केल्यास पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे सगळं शिक्क्यासह लिहून घ्या. पाडव्याचा किंवा दसऱ्याचा मुहूर्त धरायचा असेल तर पासिंगची कागदपत्रं आठवडाभर आधी द्या, कारण त्या दिवसांत आरटीओकडे एकदम गर्दी होते.